विमलबाईंची मिटिंग

विमलबाई, तुमच्या फोटोला पहिला हार घालणारा माणूस पिऊन आला होता.

मी मंडपात तिसऱ्या रांगेत होते, तरी मला वास आला. झेंडूच्या ढिगातून, उदबत्तीतून, कुलरच्या वाऱ्यातूनही तो वास मला वेगळा कळतो. तुम्हालाही कळायचा. हार काही फोटोवर बसेना, तेव्हा त्यानं फोटोची चौकट दोन्ही हातांनी धरली आणि तसाच उभा राहिला. तो पडू नये म्हणून धरून उभा होता. बायकांना वाटलं, भरून आलं त्याला. त्यांनी पदर डोळ्यांना लावले. मागच्या फ्लेक्सवर मूठ उगारलेल्या तुम्ही, खाली ‘दारूमुक्तीची रणरागिणी’, आणि बाजूला त्याच माणसाचा हात जोडलेला फोटो, तुमच्यापेक्षा थोडा मोठा. मी रुमाल तोंडाला धरला, तर शेजारच्या बाईनं माझ्या पाठीवरून हात फिरवला.

विमल हे तुमचं नाव नाही. तुमचं खरं नाव मी लिहिणार नाही आणि गावाचंही नाही. मूल गावाच्या पलीकडं, जंगलाच्या कडेला, एवढंच पुरे. आपल्या गटात ठरलेलं होतं की इथलं इथंच राहील. पण माझ्या घशात जे अडकलंय ते तुमच्याशी बोलल्याशिवाय उतरायचं नाही, म्हणून उसनं नाव घेऊन बोलते आहे.

भाषणं झाली. एकजण म्हणाले, विमलबाईंनी समाजासाठी शरीर झिजवलं. दुसरे म्हणाले, काविळीनं नेलं, नाहीतर अजून कितीतरी भट्ट्या फोडल्या असत्या. काविळीनं! तुमच्या पोटात पाणी का झालं होतं ते त्या सगळ्या गावात मला एकटीला माहीत होतं. निदान मला तसं वाटत होतं.

माझी तुमची ओळख कशी झाली ते आठवलं की अजून अंगावर शहारे येतात, चांगले नव्हेत. वरोऱ्यात माझं ब्युटी पार्लर. आरशामागच्या कपाटात क्लीन्सरच्या बाटलीत व्होडका असायची. लग्नसराईत हात थरथरू नये म्हणून सुरुवात झाली होती, मग हात थरथरायचा तो व्होडका नसली की. एका नवरीच्या पापण्यांना लायनर लावताना मला उमळून आलं. बेसिनपर्यंत गेले नाही. तिच्या शालूच्या पदरावर, तिच्या मेंदीच्या हातावर. ती किंचाळली नाही. हात लांब धरून बसली, जणू तो हात तिचा नव्हताच, आणि तिच्या आईनं नाकाला पदर लावून मला विचारलं, “बाई, तुमी पेऊन आहा का?”

त्यानंतर मी मदत शोधायला लागले. आमच्या डॉक्टरांकडं गेले, तर त्यांनी न बघताच विचारलं, “मिस्टरांसाठी का?” मी हो म्हणाले. माझा नवरा कोळसा खाणीत काम करतो, सुपारीचं खांड तोंडात टाकत नाही, आणि मी त्याला दारुडा करून औषधाची चिठ्ठी घेऊन आले. मग कोणाकडून तरी चंद्रपूरच्या, दारू सोडलेल्यांच्या गटाचा नंबर मिळाला. फोनवरचा माणूस चांगला होता. म्हणाला, “ताई, पेशंटले द्या फोन. त्यानं सोता बोलाले पाहिजे.” मी म्हणाले, “मीच बोलून राह्यली.” तिकडं इतका वेळ शांतता झाली की मला वाटलं फोन कटला.

तरी गेले. बंद पडलेल्या बालवाडीच्या दोन खोल्या. एका खोलीत पिणारे, दुसऱ्या खोलीत त्यांच्या घरच्या बायका. दारात उभ्या असलेल्या माणसानं मला बघितलं, माझी साडी बघितली, आणि हातानंच दुसरी खोली दाखवली. मी गेले. माझी हिंमत तेवढीच होती. भिंतीवर उडालेल्या रंगाचा ससा, खाली सतरंजी, आणि त्या सतरंजीवर मी एका पिणाऱ्या माणसाची बायको म्हणून बसले. एकदा नाही, दोनदा.

त्या खोलीत मी जे ऐकलं ते मला कोणत्याच डॉक्टरनं सांगितलं नसतं. एक बाई म्हणाली, त्याच्या उशीची खोळ धुतली तरी लाळेचा पिवळा डाग जात नाही. एक म्हणाली, झोपेत त्याचा हात माझ्या अंगाला लागला की झुरळ चढल्यासारखं होतं. एक म्हणाली, आंबलेल्या भाताच्या भांड्यात तोंड घालून झोपावं तसं मी रोज झोपते. आणि मला माझा नवरा आठवला. कधीपासून तो भिंतीकडं तोंड करून झोपत होता? मी समजत होते, खाणीतल्या पाळीनं थकतो. सगळ्या माझ्याकडं बघत होत्या, आता हिची पाळी. मी म्हणाले, “माह्यं बी असंच हाय.” एका अर्थानं ते खोटं नव्हतं, आणि म्हणूनच ते बोलताना माझी मला जास्त घाण वाटली.

चहाच्या वेळी तुम्ही व्हरांड्यात माझ्याजवळ आलात. हिरवं नऊवारी लुगडं, हातात प्लास्टिकचा कप, सावळ्या, रुंद हाडाच्या. तुम्ही माझ्या तोंडाजवळ तोंड आणलंत, लहान मुलानं काही खाल्लं का ते आई हुंगून बघते तसं.

“वेलदोडे खाते तू,” तुम्ही म्हणालात. “मी बडीशोप खात होती. काई फायदा नाई होत.”

मी वेलदोड्याची साल जिभेखाली सरकवली.

“चुकीच्या खोलीत बसून राह्यली तू. चाल.”

आणि माझं मनगट धरून तुम्ही मला त्या पुरुषांच्या खोलीत नेलंत. तुमच्याशिवाय तिथं एकही बाई नव्हती. तुम्ही कोपऱ्यात पदर घेऊन बसायच्या आणि पाळी आली की मान वर करून बोलायच्या. त्या दिवशी तुम्ही पहिल्यांदाच माझ्यासमोर सांगितलंत. नवरा दारूनं गेला. त्याच्या दिवसकार्यानंतर तुम्ही बायका जमवल्या, भट्ट्या फोडायला लागल्यात. जिल्ह्यात बंदी आली, बंदी गेली, तुमचं काम चालूच. पकडलेल्या मोहाच्या दारूचा एक कॅन ओतून द्यायचा म्हणून तुमच्या पडवीत राहिला होता. घरात कोणी नव्हतं. तुम्ही त्याचं बूच काढलंत.

“माह्यापेक्षा गोड काय होतं त्याच्यात, ते पाहाले पेली,” तुम्ही म्हणालात. “खाली माश्या पडून होत्या, मेलेल्या. पदरानं गाळली आन पेली.”

पुरुषांनी माना हलवल्या. मला मात्र ओकारी आली. त्या माश्यांची, त्या पदराची, खोलीत रडणाऱ्या त्या पुरुषांची, त्यांच्या ओल्या मिशांची, चहात बुडवून खाल्लेल्या बिस्किटांची. बाहेर पडल्यावर मी तुम्हाला म्हणाले, “मी नाई येत पुन्हा. मले किळस येते साऱ्याची.”

“साऱ्याची येते का आपली येते, ते घरी जाऊन पाय,” तुम्ही म्हणालात. “आन बुधवारी ये.”

तुमच्या घरी सांगायला तुम्हाला खोटं लागतच नव्हतं. ‘मिटिंगले चालली,’ म्हणायच्या, आणि मुलं ती दारूबंदीची मिटिंग समजून अभिमानानं तुम्हाला बसवर सोडायला यायची.

आता आभार मानायचे तर ते मी त्या एका दिवसाचे मानेन. दारू सोडल्यावरच्या पहिल्या लग्नसराईत मी तुम्हाला फोन केला होता, की आज माझ्यानं राहवणार नाही. तुम्ही शेतातलं काम टाकून वरोऱ्याला आलात. जन्मात कधी पार्लर बघितलं नव्हतं तुम्ही. खुर्चीवर बसलात, आरशाकडं पाठ करून. म्हणालात, “कर काय कराचं ते. मी काई उठत नाई.” मी तुमचे केस धुतले, रंगवले. मग पाय घ्यायला गेले, तर तुम्ही पाय लुगड्यात ओढून घेतले. “पाय नोको पाहू वो. चिखलाचे आहेत. किळस येईन तुले.” वर्षानुवर्षं भात रोवण्याच्या चिखलानं टाचांना एवढ्या भेगा होत्या की त्यात माझं नख जात होतं. मी गरम पाण्यात ते पाय घेतले, घासले, मातीचं पाणी तीनदा बदललं. मला किळस आली नाही, विमलबाई. माझे हात थरथरत होते, पण ते कामात होते. तुम्ही मधेच झोपी गेलात, तोंड उघडं, घोरत. कपाट उघडायचं माझ्या मनात आलं, तेव्हा तुमचा पाय माझ्या मांडीवर होता. उठता आलं नाही.

त्याच तुम्ही पुढं जे केलंत ते मी कसं गिळू?

तो व्हिडिओ मला एका गिऱ्हाईक बाईनं दाखवला. “पाहा ना, काय डेअरिंग आहे बायांची,” म्हणून. तुमच्याच गावचा चौक. सुमनला पकडलं होतं. तिचंही हे नाव नाही. मोलमजुरी करणारी विधवा बाई, झोळीत बाटली सापडली. बायकांनी तिच्या गळ्यात चपलांची माळ घातली होती आणि तव्याची काजळी तोंडाला फासत होत्या. ती दात काढून हसत होती. इतकी प्यायली होती की काय होतंय ते तिला कळत नव्हतं, किंवा सगळं कळत होतं. तिच्या लुगड्याला मागून ओलं झालेलं दिसत होतं, आणि कोणीतरी ते मुद्दाम जवळून घेतलं होतं. आणि पुढं तुम्ही. घोषणा देत होतात, की पिणारा माणूस जनावर असतो. हात वर केलात तेव्हा दिसलं, तुमची बोटं काळी होती.

पुढच्या बुधवारी तुम्ही आलात, कोपऱ्यात बसलात, आणि नेहमीसारखं बोललात. व्हिडिओबद्दल चकार शब्द नाही. बस स्टँडवर मात्र मी तुम्हाला गाठलं.

“हात धुतले का?”

तुम्ही लगेच समजलात. “मी हात मांगं घेतला असता तं बाया म्हणल्या असत्या, काऊन?”

“मंग सांगाचं होतं, काऊन ते.”

“तुले काय जाते बोलाले! माह्यं कळलं तं एक बाई माह्यामांगं उभी राहन नाई. भट्टीवाले नाचतीन. इतक्या बायांनी आपापल्या घरचा मार खाऊन हे उभं केलं, ते एका दिवसात मातीत जाईन.”

“आन सुमन?”

तुम्ही पिशवीत काहीतरी शोधायला लागलात.

“मले किळस येते तुमची,” मी म्हणाले. लोक बघायला लागले इतक्या मोठ्यानं.

“येऊ दे,” तुम्ही म्हणालात. “मलेबी येते.” आणि बसमध्ये चढलात.

त्यानंतर तुम्ही गटात येत राहिलात, पण मी तुमच्या शेजारी बसले नाही. मग तुमचं पोट फुगायला लागलं. दारू सुटून कितीतरी काळ झाला होता, पण आतलं जे जायचं ते आधीच गेलं होतं. दवाखान्यात मी एकदाच आले. सून खाटेजवळ होती, हलली नाही. “ह्या कोण जी?” तिनं विचारलं. तुम्ही म्हणालात, “मिटिंगच्या.” तिनं मला आदरानं स्टूल दिला.

तुमचे डोळे हळदीसारखे झाले होते. तोंडाला कुजकट वास येत होता आणि मला मान फिरवावीशी वाटली. बोलायचं होतं ते सुनेसमोर बोलता येईना. पर्समध्ये नेलकटर होतं, म्हणून मी तुमची नखं कापायला घेतली.

“जाऊन राह्यली ना तू?” तुम्ही विचारलंत.

“जाते.”

“खाडा नोको करू.”

मी म्हणाले, “नखं किती वाढवली बाप्पा.” माझं तुमच्याशी शेवटचं बोलणं हे असं. चूक तुमची होती की माझी, एवढं एक वाक्य बोलायला सून पाणी आणायला जाईल याची वाट बघत होते. ती गेली नाही.

आता शोकसभेचं. सूत्रसंचालकानं जाहीर केलं, की वरोऱ्याहून विमलबाईंच्या मिटिंगच्या सहकारी आल्या आहेत, दोन शब्द बोलतील. तुमच्या सुनेनंच त्याला सांगितलं होतं. माईक माझ्या हातात आला. समोर तो पिऊन आलेला पुढारी पहिल्या खुर्चीत डुलक्या घेत होता, आणि पुढं सतरंजीवर बायका, त्यातल्या काहींचे चेहरे मला त्या व्हिडिओतून ओळखीचे होते. मी म्हणाले, “विमलबाई दर बुधवारी मिटिंगला यायच्या. त्यांनी कधी खाडा केला नाही. मी त्यांच्यामुळंच आज उभी आहे.” टाळ्या पडल्या. शोकसभेत टाळ्या! मी माईक देऊन टाकला. हाताला त्या माईकचा चिकटपणा राहिला होता, तो मी साडीला पुसत राहिले.

खिचडीच्या रांगेत मी एका बाईला विचारलं, सुमनचं घर कुठं. तिनं तोंड वेडंवाकडं केलं. “ते बेवडी? तिच्याकडं काऊन?” तरी बोट दाखवलं.

सुमन दारात लाखोळीची डाळ पाखडत बसली होती. प्यायलेली होती, फार नाही. तिच्या श्वासाचा वास आला आणि माझ्या तोंडाला पाणी सुटलं. हो, पाणी सुटलं. तुमच्या शोकसभेतून उठून, त्या बाईच्या दारात उभी राहून, माझी जीभ ओली झाली. माझं शरीर असं आहे, विमलबाई, आणि हे तुमच्याशिवाय मी कुणाला सांगू शकत होते?

मी म्हणाले, मी विमलबाईंची ओळखीची. ती सूप खाली न ठेवता म्हणाली, “तुमची रणरागिणी आली होती इथी. तोंड काळं केलं त्याच्या हप्त्याभरानं. साबण घेऊन आली होती. म्हणे, सुमन, मीबी पेत होती. म्हणे, चंद्रपूरले एक जागा हाये, चाल माह्यासंग.”



“मंग?”

“मंग काय! थुंकली मी तिच्यावर. तोंडावर. तिनं पुसलं बी नाई. बसून राह्यली तिथी, तू उभी आहे तिथी.” सुमननं सूप आपटलं. “चौकात सांगाचं होतं ना. तोंड फासतानी. मंग येऊन कानात सांगून मले काय? पुढच्या हप्त्यात आली, त्याच्या पुढच्या हप्त्यात आली. मी दार लावून घेत होती. ते बाहेर बसे आन निघून जाये. दवाखान्यात नेलं तवाच बंद झालं येनं.”

हे तुम्ही मला का नाही सांगितलंत? मी तुमच्या शेजारची जागा सोडून दूर बसत होते, तेव्हा एकदा तरी. की तुम्हाला वाटलं, थुंकी पुसली नाही हे सांगणं म्हणजे शाबासकी मागणं? मला तुमचा पुन्हा राग आला.

सुमन माझ्याकडं बारीक डोळ्यांनी बघत होती. “तू बी पेत होती?”

“हो.”

“आत्ता तिकडं माईकवर तूच बोलून राह्यली होती ना? इथवर आयकू आलं. मंग काऊन नाई सांगतलं?”

बस स्टँडवर मी तुम्हाला जे विचारलं होतं तेच. आणि तुमच्याकडं निदान बायांचं कारण होतं. माझ्यामागं कोणती चळवळ उभी होती? एक पार्लर, चार गिऱ्हाइकं. स्वतःची एवढी घाण मला त्या नवरीसमोरही वाटली नव्हती.

“त्या जागेवर तिले सारे चांगली समजत असतीन,” सुमन म्हणाली.

“समजतात.”

“मंग मी येतो तिथी. मी सांगतो, कशी होती ते.”

आणि ती खरंच आली. बुधवारी मी तिला चंद्रपूरच्या बस स्टँडवरून घेतलं. खोलीत तुमची जागा कोणी घेतली नव्हती, ती थेट तिथंच जाऊन बसली. पाळी आली तशी तिनं सुरुवात केली. नाव सांगितलं नाही, स्वतःबद्दल काही नाही, नुसत्या तुम्हाला शिव्या. आईवरून, नवऱ्यावरून, मेल्यावर फ्लेक्स लागला त्यावरून. आपले जुने एसटी ड्रायव्हर भाऊ, ज्यांना तुम्ही राखी बांधायच्या, त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. पण बोलणाऱ्याला मधे अडवायचं नाही असं ठरलेलं, म्हणून त्यांनी अडवलं नाही. कोणीच अडवलं नाही. चपलांच्या माळेचं तिनं सांगितलं, ओल्या लुगड्याचं सांगितलं. तिच्या तोंडातून लाळ उडत होती. मी ऐकलं. तुम्ही ऐकायला हवं होतं, बाई. साबण घेऊन तिच्या दारात नव्हे, इथं, सगळ्यांसमोर.

तिच्यानंतर माझी पाळी होती. मी शोकसभेचं सांगितलं, टाळ्यांसकट. सुमन माझ्याकडं बघत नव्हती, बिस्किट खात होती.

परतताना बसची वाट बघत आम्ही बाकावर बसलो होतो. तिनं अचानक विचारलं, “तिची सुटली होती ना? मरेपर्यंत?”

“सुटली होती.”

“खरं सांगून राह्यली?”

“खरं.”

ती बाजूला थुंकली. “तिच्यासारखीले जमलं,” ती म्हणाली, “तं मले काऊन नाई जमन?” वैऱ्याच्या शेतातलं काही उपटून न्यावं तशा रागानं म्हणाली.

तिनं तुम्हाला माफ केलेलं नाही. मीही पूर्णपणे केलेलं नाही. त्या काळ्या बोटांची मला अजून घाण वाटते, आणि तुमच्या भेगाळल्या टाचा हातात घ्याव्याशाही वाटतात. दोन्ही एकदमच वाटतं, त्याला मी काय करू?

काल पुन्हा बुधवार होता. सुमन आली. पिऊन आली होती, व्हरांड्यात अडखळली, ड्रायव्हर भाऊंनी तिला हाताला धरून आत आणलं. मला वाटलं, आता पुन्हा तुमच्या नावानं सुरू होणार. सगळ्यांनीच तशी तयारी करून माना खाली घातल्या होत्या. तिनं भिंतीला पाठ टेकली आणि पदर सारखा केला.

मग तिनं स्वतःचं नाव सांगितलं. खरं नाव, गावासकट. आणि पुढं जे बोलली त्यात तुम्ही कुठंच नव्हतात.